फ्रिक्वेन्सी सोडली तेव्हा

त्या हिवाळ्यात आमची कंपनी बर्फातल्या पोस्टवर होती. मी रेडिओ ऑपरेटर. सकाळी सहाला रिपोर्ट, मग दर तासाला कॉल. मी घोडपदेवचा, लान्स नाईक दत्ताराम परब लालबागचा. ड्यूटी संपली की बंकरमध्ये त्याच्या ट्रान्झिस्टरवर शॉर्टवेव्ह लावायचो. काटा केसभर सरकवत परब घरघरीतून स्टेशन शोधायचा. भाषा कळली नाही तरी चालायचं त्याला. "माणूस बोलता मा, बस झाला," म्हणायचा.

एका सकाळी आठला परब, शिंदे आणि जाधव पेट्रोलिंगला निघाले. दहा चाळीसला वरचा बर्फाचा कडा सुटला. दहा बावन्नला सेटवर परबचा आवाज आला.

"एक, मी तीन. शिंदे, जाधव दिसत नाहीत. मी छातीपर्यंत गाडलोय. ओव्हर."

"तीन, जागा सांग. ओव्हर."

त्याने जागा सांगितली. मग म्हणाला, "आवशीक सांगा नको रे." आईला सांगू नकोस.

कंपनी कमांडर शेजारी उभे होते. दुसरा सेट दोन दिवसांपासून बंद होता, सगळं याच एका सेटवर.

"मागच्या हेडक्वार्टरची फ्रिक्वेन्सी लाव. हेलिकॉप्टर माग."

"साहेब, परब बोलतोय."

"लाव."

"तीन, थांब. परत येतो. आउट."

अकरा तीनला मी फ्रिक्वेन्सी सोडली. अकरा बाराला परत आलो, तेव्हा नुसती घरघर होती. अंधार पडेपर्यंत कॉल देत राहिलो. साहेबांची ऑर्डर बरोबर होती. पण हवा बिघडली आणि हेलिकॉप्टर आलंच नाही.

रिटायर होऊन आता बरीच वर्षं झाली. घोडपदेवच्या खोलीत मी अजून रोज संध्याकाळी शॉर्टवेव्ह लावतो. स्टेशनं एकेक करून बंद पडताहेत. मुलगी मीनल म्हणते, "बाबा, मोबाइलवर सगळं स्वच्छ ऐकू येतं. त्या घरघरीत काय शोधता?"

मी तिला सांगितलेलं नाही.

परबच्या आईला युनिटने कळवलं होतं, तो जागीच गेला. मीही तेच सांगत आलो. दरवर्षी लालबागला तिच्याकडे जातो. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. यंदा चहा पुढे ठेवून तिने विचारलं, "रेडिओवर तू होतंस ना? खरा सांग."

मी सांगितलं. अकरा मिनिटं तो बोलत होता. मी फ्रिक्वेन्सी सोडली. तो काय म्हणाला, तेही सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे माझी आठवण काढल्यान." आणि कप माझ्याकडे सरकवत, "चाय घे. थंड झाली."

मी चहा घेतला.

त्या हिवाळ्यात, कडा सुटल्यानंतर अकराव्या दिवशी तिघांचेही मृतदेह मिळाले. परबच्या हातमोज्यात हँडसेट होता. लान्स नाईक दत्ताराम परब, वय सव्वीस. शिपाई शिंदे, तेवीस. शिपाई जाधव, एकवीस.