काकीची खापरी

चंद्राकाकी गेली, हे तिच्या सुनेने मला गडग्यावरून ओरडून सांगितले. भाट्ये गावात आमची घरे शेजारी, मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. मी अजून अंथरुणातच होते, आणि लाज वाटते सांगायला, पहिल्यांदा मनात आले ते एवढेच... मग आज विस्तव मागायला कोण येणार?

बारा वर्षांपूर्वी माझ्या घरधन्याचे गलबत मुंबईला म्हणून गेले ते परतलेच नाही. आलीगेली माणसे पांगली, आणि मग खऱ्या सकाळी सुरू झाल्या. मूल नाही, बाळ नाही. चूल पेटवायची ती कुणासाठी? वाशांकडे बघत पडून राहायचे. परसातली विहीर फार जवळ वाटायची. अशाच एका सकाळी काकी फुटक्या मडक्याची खापरी घेऊन दारात उभी राहिली.

"इस्तू हाय काय गो सुंद्रा? माजी चूल परत इजली."

"नाही," मी पडल्यापडल्याच म्हणाले.

"मंग पेटव की! मला काय घाई नाय."

आणि बया खरोखरच उंबऱ्यावर बसली. दारी आलेल्याला विस्तव नाही म्हणायचे कसे? उठले. चूल पेटली म्हणून पेज ठेवली, पेज शिजली म्हणून दोन घोट गिळली. दुसऱ्या दिवशी काकी पुन्हा हजर. बारा वर्षे, रोज! राखेत निखारा जपता येऊ नये, म्हणजे बाईमाणसाची शोभाच. विहिरीवर मीही हसून म्हणायची, "आमच्या काकीची चूल रोज मरते." काकी ऐकून घ्यायची, घागर उचलायची नि चालू लागायची.

तेराव्यानंतर सुनेला विचारले, "आता चूल विझली तर कुठे जाशील?"

ती म्हणाली, "आमची चूल कंदी इजली? सासूबाय तुमचा इस्तू आणून न्हाणीच्या चुलीत टाकायच्या."

काकी, एकदा तरी सांगायचे होतेस गो... पण सांगितले असतेस तर मी उठले नसते.

खापरी सुनेने मला दिली. ती उंबऱ्यावर ठेवली आहे. काल माझी चूल पेटलीच नाही. आजही उठवेना, कशासाठी उठायचे तेच कळेना. मग खापरी दिसली. कुणी मागायला आले आणि चूल थंड सापडली तर, ही जुनी लाज काही सुटत नाही. उठले, चूल पेटवली, पेज ठेवली. खापरीत एक निखारा घातला आणि तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. न्यायला कुणी आले नाही. निखाऱ्यावर राख चढली. तेवढ्यात आत पेज उतू गेली, म्हणून उठावे लागले.