रिठदला दिलेलं पिलू

माझ्या आतेभावाइतका, म्हणजे दादाइतका, वाईट शिंपी शिरपुरात आधी झाला नव्हता आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. तरी गावाने उभ्या जन्मात दुसऱ्या कुणाकडे कापड टाकलं नाही. हात त्याचा चांगला होता, पण डोळे सदा आभाळात, आपल्या कबुतरांकडे. माप घेतानाही मान वर. त्यामुळे गावातल्या निम्म्या पुरुषांच्या कॉलरीत आणखी एक मान मावायची. एकदा देवळाजवळचे शेटजी नवा सदरा घालून तावातावाने आले. एक बाही मनगटापर्यंत, दुसरी कोपरावर थांबलेली. दादा शांतपणे म्हणाला, "शेटजी, तवा नेमका शिकरा आला होता." शेटजी म्हणाले, "शिकरा तुह्या कबुतरावर आला न, मंग बाही माही काहून गेली?" शेवटचं पाखरू खाली उतरल्याशिवाय तो जेवायचा नाही. वहिनी गेल्यापासून त्याचं ताट माझ्याकडून जायचं आणि गार होऊन पडायचं. मी ओरडले की म्हणायचा, "बाई, थे वरतं उपाशी फिरून राह्यले, अन मी खाली घास गिळू?"

माझ्या मुलाच्या लग्नाचा कोट त्याच्याकडेच होता. वऱ्हाड प्रांत तेव्हा अजून मध्य प्रदेशात होता, मोटार दिवसातून एकदा यायची आणि लग्न चार दिवसांवर आलं होतं. मी सकाळीच जाऊन त्याच्या मशीनसमोर बसले. "आज मान वर केली तर पाहून घेईन," म्हटलं. त्याने खरंच केली नाही. दुपारी कोट हातात पडला, तेवढ्यात वर फडफड झाली. कबुतरखान्याचं दार सकाळपासून उघडं राहिलं होतं आणि बोका आत शिरला होता. दादाची आवडती पांढरी जोडी, नर आणि मादी, दोन्ही गेली. कोपऱ्यात त्यांचं चार दिवसांचं पिलू तेवढं उरलं होतं, पिवळ्या लवेचं, डोळे मिटलेलं. त्या वाणाचं आता तेवढंच.

कबुतराच्या पिलाला पहिले काही दिवस दाणा चालत नाही. आईबापाच्या गळ्यात दुधासारखं काहीतरी उतरतं, तेच लागतं, आणि ते ज्यांचं अंडं नुकतंच फुटलंय अशाच जोडीला येतं. त्याच्याकडे तशी जोडी नव्हती. त्याने पिलू दुसऱ्या मादीखाली सरकवलं, तिने टोचून बाहेर काढलं. मग तो स्वतः ज्वारी चावून, तिचं पातळ पीठ करून, पिलाची चोच आपल्या ओठात धरून बसला. पन्नाशीचा माणूस! पिलू घेईना, उलट गार पडत चाललं.

आदल्याच दिवशी शेजारच्या रिठद गावचा कासार मला लग्नाच्या बांगड्या भरून गेला होता आणि आपल्या कबुतरांच्या जोडीचं अंडं फुटल्याचं मोठ्या तोऱ्यात सांगून गेला होता. दादा सहा वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. दादाची लाल मादी त्याच्या कबुतरखान्यात उतरली होती. कबुतरवाल्यांत रीत अशी की ज्याच्याकडे पाखरू उतरलं त्याचं ते झालं, आणि मागायला जाणं म्हणजे नाक कापून देणं. मी म्हटलं, "नाकाचं मग पाहू." सरकी काढलेल्या कापसात पिलू गुंडाळून मांडीवर घेतलं, बैलगाडी जुंपायला लावली, दादाला शेजारी बसवलं आणि घरातलं लग्न तसंच टाकून निघाले.

कासार ओट्यावरच होता. "काय मास्तर, लाल मादी न्याले आले काय?"

"नाही," दादा म्हणाला, "द्याले आलो."

कासाराने कापूस उलगडून पाहिलं. हसला नाही. "जोडी तुमच्याकडं देतो म्हटलं तर थे जागा सोडून बसत नाही. अन इथं वाढलं तर हे इथलंच होईन. माहीत हाये न?"

"माहीत हाये. जगलं पायजे."

बसलेली मादी तीच होती, लाल. दादाने ओळखीसाठी पिलाच्या पायात शिंप्याचा तांबडा दोरा बांधला होता. मादीला वाटलं, घरट्याची काडीच आहे. तिने दोरा धरून ओढला आणि पिलू फरफटत बाहेर आलं. आम्ही तिघेही ओरडलो. दादाने पिलू उचललं, दाताने दोरा तोडला आणि पुन्हा तिच्या पोटाखाली सरकवलं. तिने एकदा टोचलं. मग चोच उघडून त्याची चोच आत घेतली.

पिलू जगलं. उडायला लागल्यावर कासार स्वतः टोपलीतून घेऊन आला. दादाने ते महिनाभर कोंडलं, निवडलेली ज्वारी घातली. दार उघडलं तर बाजारावर दोन गिरक्या घेऊन ते सरळ रिठदकडे गेलं. कासाराने तीनदा आणलं, तीनदा गेलं. शेवटी दादाच म्हणाला, "नको आणू आता. त्याचं घर त्याले सापडलं." पुढे माप घेताना त्याची मान वर नसायची, रिठदच्या वाटेकडे वळलेली असायची. कॉलरी तेव्हाही चुकायच्याच. दार कुणामुळे उघडं राहिलं हे त्याने मला शेवटपर्यंत ऐकवलं नाही.

तो कोट अजून माझ्या पेटीत आहे. बाह्या सारख्या, कॉलर नेमकी, एक टाका वाकडा नाही. दादाच्या हातून एवढं नीट शिवलेलं दुसरं काही मी पाहिलं नाही, आणि तो कोट मी परत कुणाला घालू दिला नाही.