शिट्टी चिन्हाचा उमेदवार

दरवाजा कितीही उंच असला तरी ते वाकूनच आत यायचे. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसचं काचेचं दार एवढं उंच आहे की त्यातून उंटसुद्धा मान न झुकवता आत येईल. पण हे गृहस्थ दारात क्षणभर थांबायचे, कमरेतून वाकायचे आणि मग पाऊल टाकायचे. लिफ्टमध्ये तसंच, मेट्रोच्या डब्यात शिरतानाही तसंच. नव्या माणसांना वाटायचं, फारच नम्र दिसतात. आम्ही जुने लोक समजायचो, कधीतरी डोकं आपटलं असेल आणि सवय लागली असेल. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्या एखाद्या लकबीचं कारण विचारायचं आपण उद्यावर टाकत राहतो.

आमची कंपनी टॉवरांच्या बाहेरच्या काचा पुसण्याची कंत्राटं घेते. मी टेंडरचं काम बघते. ते दोरावर लटकून काम करणाऱ्या टीमचे सेफ्टी सुपरवायझर होते. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने सडसडीत, गालांवर गार वाऱ्याने कायमचे उमटलेले लाल चट्टे. चालताना डावा पाय किंचित ओढायचे. ते भारताच्या नकाशात अगदी वरच्या टोकाचे, हिमालयापलीकडच्या एका खोऱ्यातले. ऑफिसात सगळे त्यांना ‘एमपीसाहेब’ म्हणायचे, कारण कुणाशीही ओळख करून देताना ते हमखास एकच वाक्य बोलायचे.

“हम तो इलेक्शन हारा हुआ आदमी है, मॅडमजी.”

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे फ्लॅटच्या भाड्यांबद्दल आणि मुलांच्या शाळांबद्दल बोलत. एमपीसाहेब बोलायचे त्यांच्या लोकसभा मतदारसंघाबद्दल. मतदारसंघ एवढा पसरलेला, की एका टोकाच्या उमेदवाराला दुसऱ्या टोकाने फक्त पोस्टरवर पाहिलेलं असायचं. माणसं मात्र थोडी. खिडकीतून बोट दाखवून म्हणायचे, “या समोरच्या टॉवरांत आमचे सगळे मतदार बसवले तरी वरचे मजले रिकामे राहतील.” पूर्वी मतपेट्या याकच्या पाठीवर लादून खिंड ओलांडायच्या. एकदा लामा उभे राहिले होते, एकदा फौजेतून निवृत्त झालेला सुभेदार. निवडून मात्र दर वेळी मोठ्या खोऱ्यातलाच माणूस यायचा, कारण मतं तिथे होती. यांचं खोरं लहान, हिवाळाभर तुटलेलं. तिथे प्रत्येक निवडणुकीत बारमाही रस्त्याचं आश्वासन यायचं आणि निवडणुकीनंतर बर्फ पडायचं.

“आणि तुम्ही कितवे आलात?” मी एकदा विचारलं.

“खालून मोजलं तर बराच वर होतो.”

सगळे हसले. तेही हसले. कसे हरलात, हे कोणीच विचारलं नाही.

एकदा ते अल बर्शाला आमच्या घरी जेवायला आले. फ्लॅटच्या दारात वाकले, तेव्हा माझ्या मुलीने सरळ विचारलं, “अंकल, व्हाय डू यू बेंड?”

ते गंभीरपणे म्हणाले, “बेटा, जो झुक सकता है, वो ज़िंदा है.”

“ओके,” म्हणून ती खोलीत निघून गेली. मी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला. ते वाक्य त्यांनी सुविचारासारखं म्हटलं नव्हतं. डॉक्टर तपासणी झाल्यावर निकाल सांगतात, तसं म्हटलं होतं.

कारण कळलं ते धुक्यात. इथे थंडीत सकाळी असं धुकं पडतं की टॉवर खालूनच नाहीसे होतात. अबुधाबीला एका बिल्डिंगची पाहणी करायला आम्ही निघालो होतो. गाडी इक्बालभाई चालवत होते, रत्नागिरीकडचे, आमच्या ऑफिसचे जुने ड्रायव्हर. अर्ध्या वाटेत त्यांनी वेग कमी कमी करत गाडी एका पेट्रोल पंपावर घेतली.

“फुडचा काय दिसत नाय, मॅडम. उतरंल थोड्या येळानं, इन्शाल्ला.”

काचांच्या बाहेर नुसतं पांढरं होतं. पंपाचे दिवे कुठेतरी हवेत लटकल्यासारखे. आणि त्या पांढऱ्यातून शिट्टी ऐकू आली. लांब, मग थांबून आखूड, मग पुन्हा लांब.

एमपीसाहेबांनी दार उघडलं आणि धावत सुटले. दोन पावलांत दिसेनासे झाले. मी हाका मारल्या. उत्तर आलं नाही. शिट्टी तेवढी वाजत होती. मग तीही थांबली आणि सगळं इतकं गप्प झालं की इक्बालभाईंनी गाडीचं इंजिन पुन्हा सुरू केलं, नुसता आवाज असावा म्हणून.

ते परत आले तेव्हा केस ओले झाले होते. “गार्ड होता,” म्हणाले. “ट्रक मागे घ्यायला शिट्टी वाजवत होता.”

“मग धावलात कशाला?”

“कोणीतरी जायला पाहिजे ना, मॅडमजी.”

मग त्यांनी सांगितलं. बोलले हिंदीत, मी माझ्या शब्दांत सांगते.

आधी ते शाळामास्तर होते. रस्त्यासाठी म्हणून नोकरी सोडून अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं शिट्टी. गळ्यात एक शिट्टी अडकवून गावोगाव वाजवत हिंडायचे, तोच प्रचार. मतदान जवळ आलं तेव्हा ते आणि त्यांचा मेहुणा खिंड ओलांडून मोठ्या खोऱ्यात निघाले. वाटेत वरचं बर्फ सुटलं. मेहुणा मागे होता, तो वाचला. खाली जाऊन त्याने सांगितलं, गेला.

“मी गेलो नव्हतो. कडेला फेकला गेलो. पाय मोडला. तिथे वाटसरूंसाठी दगडाचं खोपटं असतं, थोडं सातूचं पीठ ठेवलेलं असतं. सरपटत तिथे पोचलो. खाली खिंडीच्या पायथ्याचं गाव दिसायचं. मी शिट्टी वाजवली.”

“कोणी आलं नाही?”

“शिट्टी वाजली की अंगणातली माणसं घरात जायची. मी बघत होतो. रोज बघत होतो.”

त्यांच्याकडे असं मानतात, की अपघाताने मेलेल्या माणसाचं प्रेत कधी कधी उठून चालायला लागतं. त्याला रोलांग म्हणतात. रोलांगला वाकता येत नाही, म्हणून तिकडे घरांचे दरवाजे मुद्दाम बुटके ठेवतात. मेलेला मास्तर खिंडीतून शिट्टी वाजवतोय, हे ऐकल्यावर गावाने दारं लावून घेतली होती.

“मतदानाच्या दिवशी हेलिकॉप्टर आलं. मशीन घेऊन माणसं उतरली. गावकऱ्यांची रांग लागली. मी छाती फुटेस्तोवर वाजवली. रांगेतल्या एकानेही वर मान केली नाही. बाहेरून आलेल्यांनी विचारलं असेल, हा आवाज कसला. गावाने सांगितलं असेल, वारा आहे.” त्यांनी रुमालाने ओले केस पुसले. “अपक्ष मेला तर निवडणूक थांबत नाही, मॅडमजी. नाव मशीनवर तसंच राहतं. त्या गावाने सगळी मतं मला दिली. आमच्या अख्ख्या खोऱ्याने दिली. मोठ्या खोऱ्यात मला कोणी ओळखत नव्हतं, म्हणून हरलो.”

बर्फ बसल्यावर रस्त्याचे मजूर वर आले. ते परमुलखातले, त्यांना कशाची भीती नव्हती. मोडका पाय दोन बांबूंना करकचून बांधून त्यांनी यांना खाली आणलं. पायथ्याच्या त्या गावात एकही दार उघडलं नाही. यांचं स्वतःचं गाव बरंच खाली, शिट्टी तिथवर पोचलेली नव्हती, नुसती बातमी पोचली होती. आई दारात धूप घेऊन उभी होती.

“आई म्हणाली, माझा असशील तर वाकून ये. बांबू कंबरेपर्यंत बांधलेले, वाकू कसा? मी तिच्याकडे बघतोय, ती माझ्याकडे. मजुरांना म्हटलं, सोडा मला. पडलो तसा पोटावर सरपटत आत गेलो. मग तिने मला जवळ घेतलं.”

इक्बालभाईंनी तोंडातल्या तोंडात काही म्हणत चेहऱ्यावरून हात फिरवला. बाहेर धुकं विरळ व्हायला लागलं होतं, पण त्यांनी गाडी हलवली नाही.

त्यानंतर ते पुन्हा शाळेत शिकवायला गेले, तर मुलं त्यांच्यासमोर बसेनात. मग ते गिर्यारोहकांबरोबर दोराचं काम शिकले आणि इथे आले. पण तिकडे एक रीत पडून गेली. दर निवडणुकीत कुणा ना कुणा अपक्षाला शिट्टी चिन्ह मिळतं आणि ते खोरं शिट्टीलाच मत देतं. उमेदवार कोण, हे कोणाला माहीतही नसतं. अर्ज भरताना शिट्टीसाठी भांडणं होतात म्हणे. रस्त्याचं खरंच काही करू शकणारा माणूस एकदा थोडक्यात पडला, तोही यामुळेच.

“मेल्यावर मी पक्का नेता झालो,” ते म्हणाले. या वेळी आम्ही कोणी हसलो नाही.

गेल्या लोकसभेच्या आधी त्यांनी राजीनामा दिला. आई केव्हाच गेली होती, तिकडे बोलावणारं कोणी नव्हतं. मी म्हटलं, सुट्टी घेऊन जा की, नोकरी कशाला सोडता? म्हणाले, “घरोघर जायचंय. सांगायचंय, मी जिवंत आहे, माझ्या नावाने मतं वाया घालवू नका. सुट्टीत होण्यासारखं काम नाही.” ऑफिसने केक कापला, कोणीतरी ‘यल्ला, एमपीसाहेब, होऊन जाऊ द्या भाषण’ म्हटलं. त्यांनी फक्त हात जोडले.

निवडणूक होऊन गेल्यावर बऱ्याच दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज मध्ये मध्ये तुटत होता. त्यांची जागा आम्ही भरली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

खिंडीच्या पायथ्याच्या गावात सगळ्यात वरचं घर एका म्हातारीचं. ते तिच्याकडे गेले. तिने बसवलं, तिकडचा लोणी-मीठ घातलेला चहा दिला. हे म्हणाले, आजी, बघ, मी रोलांग नाही, त्या वेळीही नव्हतो.

म्हातारी म्हणाली, “माहीत आहे. तू मध्ये मध्ये दम घ्यायला थांबायचास. मेलेला कशाला दम घेईल?”

मी फोन कानाला घट्ट धरला.

“ती म्हणाली, माझा नवरा वर यायला निघाला होता. वर बर्फाचा कडा लटकत होता, आणखी बर्फ सुटलं असतं. मी त्याचे बूट चुलीत घातले. घरोघर असंच झालं. मग कोणीतरी म्हणालं, रोलांग आहे. तसं म्हटल्यावर झोप लागायला लागली. तुला मत देणं तेवढं हातात होतं, ते देत आलो.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, चहात मीठ कमी पडलंय.”

त्यानंतर ते त्या गावातून हललेच नाहीत. आता तिथेच राहतो, म्हणाले, म्हातारीच्या शेजारी एक खोली रिकामी होती. तिचे गुडघे गेलेत, बूथ खाली ओढ्याकाठी. मतदानाच्या दिवशी त्यांनी तिला पाठीवर घेतलं आणि खाली नेलं. वाटेत गावातली माणसं दारात उभी राहून बघत होती. मत देऊन झाल्यावर तिला तशीच पाठीवरून घरी आणून सोडलं.

“कोणाला दिलं तिने मत?” मी विचारलं.

“विचारलं नाही, मॅडमजी,” ते म्हणाले. “उतार निसरडा होता. मी पायाखाली बघत होतो.”