अध्यक्ष बाहेर गेले तेव्हा

चिमूटभर रेती जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकलो. साफ खारट.

रेती घेऊन आलेल्या पडावाचा, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीचा, तांडेल बिडी ओढत माझ्याकडे बघत होता. "ही आपट्याची नाही," मी म्हणालो.

"आपट्याची कशी असंल सायेब? खाडीची हाय. आमी कवा नाय म्हनलो?"

खरंच होतं. या प्रकरणात लपवाछपवी कुणीच केली नाही, आणि तेच अजून माझ्या डोक्यात जातं.

गोष्ट साठीच्या दशकातली. पनवेलच्या काही नोकरदारांनी मिळून सहकारी सोसायटी काढली होती. स्वतःच्या मालकीच्या ब्लॉकची दुमजली इमारत उठत होती. बांधकामावर नजर ठेवायला त्यांनी मला ओव्हरसिअर नेमलं. रेती आपट्याची, म्हणजे पाताळगंगेची, गोड्या पाण्यातली घ्यायची, हे मी सुरुवातीलाच बजावलं होतं. खाडीच्या रेतीत मीठ असतं. मीठ हवेतलं पाणी ओढतं, भिंती सदा ओलसर राहतात, प्लास्टर सुटतं. स्लॅबमधली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. धुऊन वापरावी तर गोडं पाणी हवं. ते आमच्याकडे प्यायलाच जेमतेम.

पडाव होते अध्यक्षांच्या सख्ख्या मेव्हण्याचे. अध्यक्ष म्हणजे भाऊसाहेब, गावातले नावाजलेले वकील. सोसायटीला जागा मिळाली ती त्यांच्याच खटपटीने, हेही सांगायला हवं.

मी आधी खजिनदारांना गाठलं. बेंजामिन मास्तर, शाळेत गणित शिकवायचे. पनवेलचे जुने बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. भावंडं इस्राएलला गेली, हे मागे राहिले. बायकोला दमा होता. भाड्याच्या खोलीत पावसाळाभर ओल, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं, कोरडं घर बघा. त्या माउलीला धड श्वास घेता यावा, एवढ्यासाठी मास्तर सोसायटीत शिरले होते. संध्याकाळी साइटवर येऊन भिंतीला हात लावायचे. "इथे ओल नाही ना येणार?"

"मास्तर," मी म्हटलं, "ही रेती लागली तर तुमच्या घराची ओल जन्मात जायची नाही. मीटिंगमध्ये बोला."

"बोलतो ना. का नाही बोलणार?"

सोसायटीचा नियम असा, की एखाद्या व्यवहारात ज्याचा स्वतःचा संबंध असेल त्याने तसं सांगून त्या विषयापुरतं बाहेर बसायचं. रेतीचा विषय निघाल्याबरोबर भाऊसाहेब आपणहून उठले. "पडाव माझ्या मेव्हण्याचे आहेत. मी इथे बसणं बरोबर नाही. तुम्ही मोकळेपणी ठरवा." आणि गेले. दारही स्वतः ओढून घेतलं. त्या घटकेला मला माणूस आवडला, खोटं कशाला सांगू?

मी मिठाचं सगळं सांगितलं. रेतीची पुडी पुढे केली. सेक्रेटरींनी चाखली, तोंड वाकडं केलं, वर पाणी प्यायले.

पुडी हातोहात फिरून परत माझ्यापुढे आली.

"भाऊसाहेब स्वतःहून उठून गेले हो," सेक्रेटरी म्हणाले. "एवढा मोठेपणा कोण दाखवतो हल्ली?"

"मोठेपणाने मीठ जात नाही, साहेब."

"तुम्ही पगारी माणूस आहात. जपून बोला."

मी मास्तरांकडे पाहिलं. ते रुमालाची घडी घालत होते.

"मास्तर, बोला ना."

"विश्वासाने बाहेर गेलाय तो माणूस," मास्तर हळूच म्हणाले. "त्याच्या पाठीमागे त्याच्याच मेव्हण्याचा माल नाकारायचा... बरं दिसत नाही."

"मग आत बोलावतो. तोंडावर सांगा."

"तोंडावर? छे, छे. काय वाटेल त्यांना?"

खाडीचीच रेती घ्यायचा ठराव एकमताने पास. भाऊसाहेब आत आले, पाठोपाठ चहा आला.

त्या रेतीवर सही करायला मी नकार दिला. आठवड्याभरात आभार मानून मला मोकळं केलं. सही करणारा दुसरा मिळाला. तो मिळतोच.

पुढे इमारतीत लोक राहायला आल्यावर एकदा गेलो होतो. ऐन मे महिना. मास्तरांचा पलंग गॅलरीत काढलेला, त्यावर वहिनी उशीला टेकून धापा टाकत बसलेल्या. आत कंबरेइतकं प्लास्टर सुटलेलं, वर पांढरं मीठ फुललेलं.

"आत जीव घुसमटतो हो," त्या म्हणाल्या. "भाड्याच्या खोलीत निदान उन्हाळा तरी कोरडा जायचा."

मास्तरांनी माझ्यापुढे चहा ठेवला. "भाऊसाहेब येऊन बघून गेले," म्हणाले. "फार हळहळले."

मला चहा गेला नाही. संतापच आला, आणि तो भाऊसाहेबांपेक्षा मास्तरांचा जास्त.

नियम करणाऱ्याला वाटलं असणार, की लागेबांधे असलेला माणूस बाहेर गेला की आतली माणसं तोंड उघडतील. त्याने आमच्या मीटिंगा पाहिल्या नव्हत्या. तेव्हापासून कुठल्याही सोसायटीत कोण बाहेर गेलं ते मी विचारत नाही. आत कोण उरलं ते विचारतो.

भाऊसाहेब त्या वर्षी पुन्हा अध्यक्ष झाले. बिनविरोध. नाव मास्तरांनी सुचवलं.