रजईतली गाडी

नागपुरात उन्हाळा सगळ्यांचाच असतो. हिवाळा मात्र फक्त आमच्या समोरच्या काकांचा होता. आम्ही मनीषनगरचे बाकीचे लोक कपाटातून स्वेटर काढतो, चार दिवस उन्हात बसून संत्री खातो आणि थंडी संपली म्हणून हळहळतो. काका मात्र दिवाळीचा आकाशकंदील उतरायच्या आत लढाईच्या तयारीला लागत. स्वतः ते जानेवारीतही बनियनवर अंगणात हिंडायचे. सगळी काळजी होती ती त्यांच्या तीस वर्षांच्या, दुधाच्या सायीच्या रंगाच्या मोटारीची. निवृत्त होईपर्यंत काका हिंगण्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. जन्मभर लोखंड तापवलेल्या या माणसाला दारातलं लोखंड गार पडलेलं बघवत नसे.

दिवेलागण झाली की गाडीच्या नाकावर आधी पोती, त्यावर चादर, त्यावर काकूंच्या लग्नातली रजई आणि ती दवानं भिजू नये म्हणून वर प्लास्टिक, असा थाट असे. एका डिसेंबरात काकूंचा भाऊ अमरावतीहून मुक्कामाला आला. सकाळी तो सोफ्याच्या खोळीत गुंडाळलेला सापडला. काकू म्हणाल्या, "माझा भाऊ कुडकुडून राहिला अन् रजई तुमच्या गाडीवर." काका शांतपणे म्हणाले, "पाहुण्याले सकाळी चहा देता येते. गाडीले देता येते का?" भाऊ चहा पिऊन दुपारच्या बसनं परत गेला आणि त्यानंतर तो नेहमी मे महिन्यातच येऊ लागला.

रजईनं भागेना तेव्हा काकांनी बॉनेटच्या आत शंभराचा बल्ब टांगला. इतकी उबदार जागा गल्लीतल्या मांजरीच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. तिनं तिथं चार पिल्लं घातली. काकांनी बल्ब चालू ठेवला आणि गाडी बंद. पुढचा महिनाभर बँकेत, भाजीला, एका लग्नाला, सगळीकडे दोघं ऑटोनं गेले. रोज सकाळी काका बॉनेट बोटभर उचलून आत बघत आणि गल्लीला बातमी देत, "दोघांचे डोळे उघडले." काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात हे तिसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले होते वं."

मग त्यांना कोणीतरी सांगितलं की कापलेला आलू काचेवर घासला तर बर्फ धरत नाही. नागपुरात काचेवर बर्फ धरतो, हे त्याआधी कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं, पण काकांना अर्धीच माहिती पुरे होती. त्या हिवाळ्यात काकू टोपलीतून जो आलू उचलतील तो अर्धा निघायचा. सकाळी ऊन वर आलं की आलूचा रस वाळून पुढची काच पांढरीफटक दिसे. काका मला हाताला धरून तिथं नेत आणि विजयी मुद्रेनं म्हणत, "पाहा. जमला होता का नाही बर्फ?"

सकाळचा मुख्य सोहळा सहाला सुरू होई. आवरणं एकेक करून निघत, त्यांच्या घड्या होत, मग चोक ओढून काका किल्ली फिरवत. त्यानंतर वीस मिनिटं गाडी जागच्या जागी धडधडत राही आणि तिचा सगळा धूर आमच्या स्वयंपाकघरात मुक्कामाला येई. मी एकदा तक्रार केली तर म्हणाले, "बॉयलर पेटवाले मले दोन तास लागत होते. लोखंडाले घाई करू नये गा." वीस मिनिटांनी गाडी नीट तापली की ते ती बंद करत आणि चहा प्यायला घरात जात. कारण त्यांना कुठंही जायचं नसे.

अशाच एका जानेवारीत, पहाटे साडेपाचला, माझ्या वडिलांना श्वास घेता येईना. त्यांना दमा होताच, पण ओठ निळसर पडलेले मी पहिल्यांदाच पाहिले. त्यांना कसंबसं फाटकापर्यंत आणून मी माझ्या नव्या गाडीत बसलो, बटन दाबलं. समोरच्या पडद्यावर कसलीशी खूण चमकली आणि सगळं विझलं. बॅटरी उतरली होती. मी पुन्हापुन्हा बटन दाबत होतो तेव्हा समोरून काका आले.

"काय झालं गा?"

"बाबांना धाप लागलीय. गाडी सुरू होत नाही."

 काका परत गेले, प्लास्टिक ओरबाडून फेकलं, रजई कवेत घेऊन आले आणि बाबांना तिच्यात गुंडाळून आपल्या गाडीत बसवलं. "टेका मांगं, भाऊ. तोंड उघडं ठेवा." त्यांनी चोक ओढला. मी मनातल्या मनात वीस मिनिटं मोजायला लागलो. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली आणि फाटकाबाहेर पडली. बल्बची वायर ताडकन तुटली आणि धंतोलीतल्या दवाखान्यापर्यंत आमच्या मागं रस्त्यावर फरफटत आली. रस्ताभर लोक हात करून आम्हाला सांगत होते, आणि काका मान हलवून सगळ्यांचे नमस्कार घेत होते.

दवाखान्यात बाबांना ऑक्सिजन लावला. नऊ वाजता त्यांनी चहा मागितला, तेव्हा कुठं मी खोलीबाहेर आलो. बाहेर बाकावर काका रजईची घडी घालत बसले होते. मी शेजारी बसलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "काका, गाडी तर न तापवताच निघाली."

काकांनी रजईची टोकं पुन्हा नीट जुळवली.

"तशी ते रोजच निघाली असती," ते म्हणाले. "तुझ्या काकूले सांगू नको."

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस मिनिटं धूर आला आणि बायकोनं खिडकी लावून घेतली.

पुढं काकांचे गुडघे गेले. मुलगा दोघांना बंगलोरला घेऊन गेला आणि गाडी हिंगण्याच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे गेली. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी काकांचा फोन आला.

"थंडी पडली का गा?"

"पडली ना."

"किती?"

तापमान तेरा होतं. मी आठ सांगितलं. पलीकडून समाधानाचा हुंकार आला. मग म्हणाले, "इथं साडेपाचले डोळे उघडतात. पण उठून करू काय, समजत नाही."

तेव्हापासून फोन रोज येऊ लागला आणि मी रोज चार-पाच अंश कमी करून सांगू लागलो. फेब्रुवारी संपत आला, आमच्याकडे पंखे लागले, तरी मी नऊवर अडून होतो. काकांनाही ते कळत असावं. पण त्यांनी कधी खोदून विचारलं नाही, आणि थंडी संपली असं काही मला त्यांना सांगवलं नाही.