टेबलावरचे नट-बोल्ट आणि क्रेनखालचा हात

चौकशीचा तिसरा दिवस संपत आला, तरी साक्षीदारांचे वाक्य बदलले नव्हते.

"तुकाराम जागेवरच हुता, साहेब. त्यानं थांब म्हणून हात केला. दस्तगीरनं ऐकलं न्हाई."

कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी लेबर ऑफिसर होतो. ही नोकरी थोडी समजावून सांगितली पाहिजे. मॅनेजमेंट लेबर ऑफिसरला कामगारांचा माणूस समजते आणि कामगार त्याला मॅनेजमेंटचा. त्यामुळे कॅन्टीनमध्ये तो ज्या टेबलाशी बसतो, तिथले बोलणे थांबते. मी डबा ऑफिसातच खात असे.

प्रकरण असे होते. क्रेनवरून साच्याची जड पेटी नेताना ती खांबाला धडकली, खाली पडली आणि साचे भरणाऱ्या एका मोल्डरच्या पायाचा चुराडा झाला. क्रेन-ऑपरेटर उंच केबिनमध्ये बसतो. खांबाच्या मागचे त्याला दिसत नाही. म्हणून खाली एक सिग्नलमन उभा राहतो आणि हाताच्या खुणा करतो. त्या दिवशीचा सिग्नलमन तुकाराम. ऑपरेटर दस्तगीर. 'थांब' ही खूण मोडल्याचे सिद्ध झाले असते, तर दस्तगीरची नोकरी जाणार होती. अकरा वर्षांत त्याच्यावर एकही मेमो नव्हता.

"मला खांबाच्या आडून हात दिसला," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "चल म्हणून खूण हुती. मानूस दिसला न्हाई."

आता एक वेगळी गोष्ट सांगतो. तिचा संबंध पुढे कळेल. अमेरिकेतल्या पुतण्याने मला एक खेळ पाठवला होता. त्यात पट नसतो, सोंगट्या नाममात्र असतात. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो आणि ते काय करते, हे तोंडाने सांगतो. खेळ चालवणारा एकच. तो प्रसंग वर्णन करतो आणि विचारतो, "आता तू काय करतोस?" निकाल अनेक पैलूंच्या फाशांवर ठरतो. मी त्यातले चिलखती परदेशी सरदार काढून मावळे घातले, गुहेऐवजी पन्हाळ्याखालचे एक कल्पित भुयार घेतले, आणि रविवारी माझ्या खोलीवर खेळ सुरू केला. तिघे येत. आमचे स्टोअरकीपर, एक ड्रॉइंग शिक्षक आणि फाउंड्रीचे फोरमन शामराव. शामरावांचे पात्र होते खंडू भालेकरी. तो सोबत्याला मागे टाकून कधीच पुढे जात नसे. त्यापायी तो दोनदा मरता मरता वाचला. आठवड्यात माझ्या खोलीत दुसरे कोणी येत नसे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

हा खेळ चालवताना मी दोन गोष्टी शिकलो. एक, प्रश्न विचारून गप्प बसायचे. दोन, खेळाडूने फक्त आपल्या पात्राचे सांगायचे, दुसऱ्याचे नाही.

चौकशीत नेमके उलटे चालले होते. प्रत्येक जण तुकारामाचे सांगत होता.

चौथ्या दिवशी मी टेबलावर खडूने शॉपचा, म्हणजे अपघात झालेल्या विभागाचा, नकाशा काढला. खांब, साच्यातले गाभे भाजायची भट्टी म्हणजे कोअर ओव्हन, फोरमनची केबिन, कॅन्टीन, गेट. प्रत्येक साक्षीदाराच्या हातात एक नट किंवा बोल्ट दिला आणि तो अपघाताच्या वेळच्या आपल्या जागी ठेवायला सांगितला. साक्षीदार एरवी एकेकटे बोलवतात. म्हणून या प्रात्यक्षिकाची वर्क्स मॅनेजरांकडून परवानगी घेतली होती.

"कुलकर्णी, चौकशी करताय की सागरगोटे खेळताय?" त्यांनी मला विचारले होते.

"एक तास द्या, सर."

कंपनीचे साक्षीदार म्हणून शामराव तिथे होतेच. त्यांनी आपला नट फोरमनच्या केबिनवर ठेवला.

मी मिनिटामिनिटाने पुढे गेलो. "पेटी उचलली. तुकाराम, आता तुम्ही काय करता?"

"खांबापाशी उभा हाय."

"तिथून काय दिसते?"

"क्रेन दिसतीया. पेटी." माझे गप्प राहणे त्याला जड गेले असावे. तो पुढे म्हणाला, "तांबडं फेटं दिसत्यात. पावणं बाकावर बसल्यात."

"बाक कुठे आहे?"

त्याने बोट ठेवले. कॅन्टीनवर. खांब आणि कॅन्टीन यांच्या मध्ये कोअर ओव्हनची भिंत होती. खांबापाशी उभ्या माणसाला तो बाक दिसूच शकत नव्हता. तुकारामने नकाशावरच्या त्या भिंतीकडे पाहिले. मग बोल्ट उचलून कॅन्टीनवर ठेवला.

"मी हितं हुतो, साहेब. च्या देत हुतो."

"कोणाला?"

तो शामरावांकडे पाहू लागला.

शामरावांच्या मुलीसाठी गडहिंग्लजहून स्थळ आले होते. पाहुणे एस.टी.तून उतरले ते घरी न जाता, मुलीचा बाप काम काय करतो हे पाहायला थेट गेटवर. पाहुण्यांना उन्हात उभे ठेवणे शक्य नव्हते. शामरावांनी तुकारामला त्यांना कॅन्टीनमध्ये नेऊन चहा द्यायला पाठवले. पोरीचे जमत असताना बापाचे नाव खराब होऊ नये म्हणून सगळ्या शॉपने तोंड मिटले होते. कोणी कट केला नव्हता. दस्तगीरचे काय होईल, एवढेच कोणी शेवटपर्यंत मोजले नव्हते.

"मग खांबापाशी हात कोणाचा होता?" मी विचारले. उत्तर मला कळले होते. तरी ते मी सांगितले नाही. ती पाळी माझी नव्हती.

शामरावांनी केबिनवरचा नट उचलला आणि स्वतःच्या हाताने खांबाजवळ ठेवला.

"हात माझा हुता. ध्यान पावण्यांच्याकडं हुतं." मग दस्तगीरकडे वळून म्हणाले, "चुकलं, दस्तगीरभाई." आणि मला, थोडे हसून, "सापडलो की, साहेब, तुमच्या खेळात."

दस्तगीरवरचा आरोप त्याच आठवड्यात मागे घेतला गेला. शामरावांची फोरमनकी गेली. ते कंपनीच्या जयसिंगपूरच्या शेडमध्ये बदलून गेले. लग्न मात्र ठरल्याप्रमाणे झाले, असे स्टोअरकीपर म्हणाले. मला पत्रिका नव्हती. पुढच्या दोन रविवारी स्टोअरकीपर आणि ड्रॉइंग शिक्षक आले, पण भुयारात खंडूशिवाय कोणाचे पाऊल पुढे पडेना. तिसऱ्या रविवारी मी तिघांच्या चहाचे आधण ठेवले आणि कोणी येत नाही असे पाहून ते एकट्यापुरते केले.

नव्या लेबर ऑफिसरांना मी नकाशाची पद्धत शिकवत असे. ती चांगली आहे. फक्त एवढे सांगून ठेवतो, की खेळ चालवणाऱ्याचा स्वतःचा बोल्ट टेबलावर नसतो. सगळ्यांना आपापल्या जागी पोहोचवून तो तिथेच बसून राहतो.

खंडूची शस्त्रे आणि जखमा लिहून ठेवायचा शामरावांचा कागद अजून माझ्या फायलीत आहे. अपघाताच्या आधीच्या रविवारी खंडूचा सोबती भुयारात जखमी पडला होता. मी विचारले होते, "शामराव, आता तुम्ही काय करता?"

त्यांनी घड्याळ बघितले होते. "फुडच्या ऐतवारी सांगतो."