एर्लांगेनची खेचर-रेल्वे

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. ओट्याखाली पिशव्यांची एक पिशवी असते ना, तसे ते साठत जातात आणि एक दिवस कपाटाचं दार लागेनासं होतं. माझं दार आता लागत नाहीये, म्हणून ऐका.

मी एर्लांगेनला राहते, सॉफ्टवेअरमध्ये आहे. इथे येऊन दोन वर्षं झाली तरी ओळखी होईनात. तेव्हा शेजारच्या बाई म्हणाल्या, "जर्मनीत मित्र मिळत नाहीत, फेरआइन मिळतो." फेरआइन म्हणजे आपलं मंडळ. योगाचं मंडळ फुल होतं, गाण्याच्या मंडळात आधी आवाज ऐकून घेतात. उरलं मॉडेल रेल्वेचं.

त्या लोकांनी एका भल्यामोठ्या टेबलावर उत्तर चीनमधली एक फार जुनी कोळशाची रेल्वे बांधली होती. म्हटलं, चीनचीच का? तर आधी जर्मनांनी चीनमध्ये बांधलेली रेल्वे करायचं चाललं होतं. पण दुसऱ्यांच्या देशात जाऊन केलेल्या उद्योगांचं कौतुक कशाला, यावर दोन वर्षं वाद झाला. शेवटी चिनी व्यापाऱ्यांनी स्वतःचे पैसे घालून उभारलेली रेल्वे निवडली. आणि ती बांधायला कोण? नऊ जर्मन आणि एक चिंचवडची सून.

*

पहिल्या दिवशी मी टेबलाभोवती दोन चकरा मारल्या. रूळ होते, कोळशाच्या वाघिणी होत्या, इंजिन कुठेच नाही. वाघिणींना जुंपलेली होती बारा खेचरं, अंगठ्याएवढी.

"इंजिन?" मी विचारलं.

अध्यक्ष हेर ब्रांडल, वय सत्तर, कुठल्याशा कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त. शर्टाच्या खिशात कायम चिमटा. ते म्हणाले, "सुरुवातीला दरबाराची इंजिनाला परवानगी नव्हती. गाड्या खेचरं ओढायची. आमच्या नियमावलीत लिहिलंय, मॉडेल सुरुवातीचा काळ दाखवेल. गेनाऊ, अगदी तंतोतंत."

टेबलाखालून एक लपवलेली साखळी त्या खेचरांना ओढते. एक फेरी अडतीस मिनिटांची. मला नवीन सभासद म्हणून खेचरांचे कान रंगवायचं काम मिळालं. रविवारी आईला फोनवर सांगितलं. ती हळूच म्हणाली, "जावईबापूंना माहितीय ना?"

*

इंजिन मात्र होतं. खोक्यात, कापसात गुंडाळलेलं.

ते बनवलं होतं हेर वोल्फ यांनी. वय चौऱ्याऐंशी, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. पितळेचं, स्पिरिटवर खरी वाफ करणारं इंजिन. एकेक स्क्रू हातानं केलेला, नऊ वर्षं लागली. पूर्ण झालं आणि त्याच सुमारास त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब व्हायला लागला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू मधलं सगळं दिसेनासं होईल, कडेकडेचं तेवढं राहील. म्हातारबुवांची एकच इच्छा, की दिसतंय तोवर ते इंजिन त्या रुळांवरून एकदा जाताना बघावं.

"मग चालवा की," मी म्हटलं.

"परवानगी नाही," ते शांतपणे म्हणाले. नियमावली लिहिणाऱ्यांत ते स्वतःही होते.

*

वर्षातून एकदा लोकांना बघायला बोलावतात. मागच्या वेळी एक कुटुंब तिकिटं काढून आलं, चांगली वीस मिनिटं उभं राहिलं.

"ट्रेन कधी येणार?" वडिलांनी विचारलं.

"सम्राटांनी परवानगी दिली की," ब्रांडल म्हणाले.

त्या गृहस्थांनी मान डोलावली आणि बायकोला सांगितलं, "आपल्या रोजच्या गाडीसारखं इथेही बांधकामामुळे बंद आहे."

*

मग एकदा एक चिनी मुलगी आली, इथे पीएचडी करणारी. सगळ्यांनी इस्त्रीचे शर्ट घातले होते. ब्रांडलनी तासभर माहिती दिली. तिनं नम्रपणे सगळं ऐकलं, वाकून वाकून बघितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "आल्झो, तर मग कसं वाटलं? खरं वाटतंय?"

ती म्हणाली, "मला कसं कळणार? आमच्याकडे मी फक्त ताशी तीनशेच्या गाडीत बसलेय. पण हळू जाणारी रेल्वे कशी असते ते मला इथे जर्मनीत येऊन कळलं. त्यामुळे हो, खरं वाटतंय."

तिला सन्माननीय सभासद करायचं ठरलं. ती परत कधी आली नाही.

*

उन्हाळ्यात माझे सासरे आले, तीन महिन्यांसाठी. अप्पा म्हणजे लोको शेडमध्ये फिटर म्हणून हयात घालवलेला माणूस, खऱ्या वाफेच्या इंजिनाखाली झोपून काम केलेला. घरी कंटाळून भिंतीवरचा हीटर तपासायला लागले, तेव्हा त्यांना गुरुवारी मंडळात सोबत नेलं.

सगळे जर्मन रांगेत उभे. अप्पांनी चष्मा पुसून टेबल बघितलं. म्हणाले, "झकास आहे. पण फार स्वच्छ आहे गं. कोळशाची रेल्वे आणि रूळ असे देवघरातल्या ताम्हनासारखे?"

मी भाषांतर केलं. पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय होता, 'घाण'. तीन जणांची उपसमिती नेमली गेली. पुढचे सहा आठवडे हे लोक ब्रशनं एकेक डाग लावायचे आणि अप्पांकडे बघायचे. अप्पा मान हलवायचे, "अजून." एवढा मान त्यांना आमच्या लग्नातही मिळाला नव्हता.

हेर वोल्फनी त्यांना खोकं उघडून दाखवलं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. अप्पांनी इंजिन उलटं केलं, वास घेतला, चाक बोटानं फिरवलं आणि वोल्फच्या पाठीवर थाप मारली. मग माझ्याकडे वळले. "चालवत का नाहीत?"

"नियम आहे, अप्पा."

"कुणाचा?"

"यांचाच."

"मग बदला म्हणावं. डोळे थांबणारेत का त्याचे?"

माझंही डोकं फिरलंच होतं. त्याच आठवड्यात मी लेखी ठराव दिला, मॉडेलचा काळ थोडा पुढे न्यावा, इंजिनाला परवानगी मिळाल्यानंतरचा.

*

सभा भरली. नियम बदलायला दहापैकी सात मतं लागतात. मी घरोघरी केक वाटून माझं धरून सहा पक्की केली होती, वोल्फ धरून सात.

मतदानाची वेळ आली आणि हेर वोल्फ उठले. म्हणाले, "इंजिन माझं आहे. माझा यात वैयक्तिक संबंध येतो. मी मत देणं योग्य नाही." आणि बाहेर गेले. मी हाक मारेपर्यंत दार लागलंसुद्धा.

बाजूनं सहा. विरुद्ध तीन, त्यात ब्रांडल. सातवं मत बाहेर कॉरिडॉरमध्ये कॉफी पीत उभं होतं. मला रडूच यायला लागलं, रागानं. अप्पा पाहुण्यांच्या खुर्चीत बसून विचारत होते, "काय झालं? सांग की."

वोल्फना आत बोलावलं, निकाल सांगितला. "बरोबर आहे," ते म्हणाले. खोकं मांडीवर घेतलं आणि झाकण चाचपडायला लागले. त्यांना झाकणाची कड दिसत नव्हती. ते सगळ्यांनी बघितलं.

ब्रांडल उठले. घड्याळ बघितलं. खिशातून चिमटा काढला, टेबलापाशी गेले, साखळी बंद केली आणि एकेक खेचर उचलून बाजूला कापडावर ठेवायला लागले. बाराच्या बारा.

सभेचा वृत्तांत लिहिणाऱ्या फ्राऊ झाइडलर म्हणाल्या, "हे काय चाललंय? ठराव फेटाळला गेलाय."

"फेटाळला गेलाय," ब्रांडल म्हणाले. "पण या खेचरांचे आठ तास भरलेत. आता त्यांना कायद्यानं विश्रांती द्यावी लागते."

"आणि मधेच उभ्या असलेल्या कोळशाचं काय?"

ब्रांडलनी रिकाम्या रुळांकडे बघितलं. मग वळून म्हणाले, "हेर वोल्फ, तुमच्याकडे काही सोय होईल का?"